पंच्याखालचा माउस

नांदेडला आमचं डिझाइन-छपाईचं दुकान आहे. तिथल्या पोरांनी परवा एक माउस मागवला, मोबाइलवर फोटो बघून. पोटात दिवे, बाजूला जादाची बटणं, आणि पाठ अशी उचललेली की वाटावं आता उडीच मारतो. ज्या मुलीसाठी मागवला तिचा हात लहान. चार दिवसांत ती मनगटाला बाम चोळत बसली. मी तिला म्हटलं, "बाई, फोटो बघून नवरा करतात. माउस हातात धरून घ्यायचा असतो."

वाक्य माझं नाही, लातूरच्या आमच्या सरांचं आहे. सर ते म्हणायचे तेव्हा आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "तुमचा तरी कुठं फोटो आला होता? आला असता तर मी काय हितं असते?" काकूंना उत्तर देणं सरांनी लग्नानंतर लगेच सोडून दिलं असावं. ते फक्त खाकरायचे आणि पुढचं वाक्य सुरू करायचे.

सरांचं नाव सांगत नाही. लातुरात ज्यांनी त्या काळात क्लासच्या नोट्स वाचल्या त्यांनी सरांच्या हाताखालून निघालेला कागद नक्की वाचला आहे, पण नाव त्यावर कधी नसायचंच. सर मूळचे टायपिंगवाले. जुन्या वस्तीत त्यांची इन्स्टिट्यूट होती, आणि तो खडखडाट म्हणे गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. भूकंपानंतर निम्मं लातूर घराबाहेर पत्र्याखाली झोपत होतं, तेव्हा सरही झोपले, पण टायपरायटर सोबत घेऊन. लोकांनी घरातून दागिने काढले, ह्यांनी मशीनी काढल्या. पाऊस आला की अंगावरची गोधडी मशीनवर जायची. हे सांगताना काकू कितीतरी वर्षांनीही तेवढ्याच चिडायच्या.

मग लातुरात क्लासचं वारं आलं. ज्याच्या घराला दोन खोल्या जास्त होत्या त्याने पोरं ठेवली, जिला स्वयंपाक येत होता तिने मेस काढली, आणि चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो लागले. प्रत्येक क्लासला नोट्स हव्यात, दर रविवारी परीक्षा हवी, परीक्षेला छापील पेपर हवा. सरांनी वाऱ्याची दिशा ओळखली, टायपरायटर काढून टाकले आणि तीन कॉम्प्युटर आणले. कीबोर्डचं त्यांना काहीच वाटलं नाही. तो ओळखीचाच होता. पण त्याच्या शेजारी ठेवलेल्या त्या वाटीएवढ्या वस्तूने म्हातारपणी त्यांना पार वेड लावलं.

सर देवणीचे. वडील जनावरांच्या बाजारातले हेडी. बैल विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. पंच्याखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात. लहानपणी वडिलांबरोबर बाजारात हिंडलेल्या सरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की डोळ्यावर झाकण घातल्याशिवाय हात खरं बोलत नाही. "डोळा लई लबाड असतो," ते म्हणायचे. "रंगवलेली शिंगं बगतो अन् घसरतो. हाताला रंग कळत न्हाई. हात इमानी."

म्हणून सरांच्या ऑफिसात नव्या माणसाचा माउस पंच्याखाली ठरायचा. टेबलावर चार-पाच माउस मांडायचे, त्यांवर सरांच्या खांद्यावरचा पांढरा पंचा पसरायचा, आणि माणसाने खाली हात घालून एकेक धरायचा. धरून नुसतं सांगायचं नाही. फिरवायचा, दाबायचा, सोडायचा, परत धरायचा. सर समोर बसून त्या हाताकडे अजिबात बघत नसत. ते माणसाच्या खांद्याकडे बघत. खांदा कानाकडे सरकला की तो माउस बाद. माणूस कितीही म्हणो की छान आहे.

त्याआधी खुर्चीची तपासणी व्हायची. कोपर टेबलाच्या बरोबरीत हवं. "कोपर लटकलं की मनगट रडतं," हे वाक्य त्यांनी भिंतीवर लावलंच असतं, काकूंनी खिळा ठोकू दिला नाही म्हणून राहिलं. बुटक्या माणसाच्या खुर्चीत जुन्या नोट्सचे गठ्ठे जायचे. रसायनशास्त्रावर बसून मी स्वतः बरेच दिवस काम केलं आहे. मग माउसची वायर. ती सरांच्या मते गाईच्या दाव्यासारखी, आखूड झाली तर मान आखडते आणि लांब झाली तर पायात येते. मग पाठ. चकचकीत पाठीचा माउस ते दुकानातच परत करायचे, कारण लातूरच्या एप्रिलमध्ये हाताला घाम सुटला की तो साबणाच्या वडीसारखा निसटतो. आणि शेवटी बटणाचा आवाज. बटण टक् वाजलंच पाहिजे. आयुष्यभर टायपिंगच्या आवाजावर जगलेल्या माणसाला मुकं बटण म्हणजे फसवणूक वाटायची.

हे सगळं हैदराबादच्या दुकानातही चालायचं. सर सामान आणायला तिकडे जायचे आणि काउंटरवर पंचा पसरायचे. तिथल्या दुकानदाराने एकदा वैतागून विचारलं होतं, "साब, माउस लेरें के दामाद ढूंडरें?" सर हा किस्सा स्वतःच सांगायचे, आणि बढती मिळाल्यासारख्या तोंडाने सांगायचे.

तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती फिरायची म्हणून पडद्यावरचा बाण फिरायचा, आणि आमच्या धुळीत ती आठवड्यात माखायची. सर सगळ्या गोळ्या काढून साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि खिडकीत उन्हाला ठेवायचे. एकदा त्यातली एक कावळ्याने पळवली. बिचाऱ्याला काय वाटलं असेल ते असो. एका मोडक्या माउसची गोळी मग त्याला बसवली, पण नाव काणाच पडलं. पांढरा होता तो ढवळ्या. ढवळ्या खरं तर वयाने पार पिवळा पडला होता, पण सर त्याला पिवळ्या म्हणू द्यायचे नाहीत.

ह्या ढवळ्याने एकदा गंमत केली. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका मोठ्या क्लासचे मालक. त्यांना सगळे डायरेक्टरसाहेब म्हणत. आमच्या ऑफिसातला बहुतेक कागद त्यांच्याच क्लासचा असायचा. त्यांनी क्लासमध्ये स्वतःसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि सरांना विचारलं, माउस कोणता घेऊ? सरांनी पंचा पसरला. साहेब आधी हसले, मग इकडे तिकडे कोणी बघत नाही ना हे पाहून त्यांनी हात घातला. त्यांनी स्वतःच पुण्याहून आणून सरांना दाखवायला दिलेला नवा चंदेरी माउसही सरांनी गुपचूप त्यात ठेवला होता. साहेबांनी सगळे चाचपले आणि एक घट्ट धरून म्हणाले, "हा. बिल्कुल हाच. कितीही किंमत असू द्या." पंचा उचलला तर हातात ढवळ्या. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी चंदेरी माउस उचलला, खिशात घातला आणि निघाले. पुढे त्यांच्या क्लासचे पेपर घ्यायला मी जायचे तेव्हा ते त्या चंदेरी माउसशी झटताना दिसायचे. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आता माझं सांगते. आमचं गाव भूकंपातलं. मी शाळकरी होते, आणि घराची दगडी भिंत माझ्या उजव्या हातावर आली. जीव वाचला, हातही वाचला, पण मनगटाचं फिरणं गेलं. उजवा तळवा टेबलावर पालथा ठेवला तर करंगळीची बाजू टेकते आणि अंगठ्याची वर राहते. मला त्याचं कधी रडू आलं नाही. मी भाकरी एका हाताने थापते आणि ती गोलच येते. बारावीनंतर टायपिंग शिकले, कोपर बाहेर काढून का होईना, वेग चांगला आला. लातूरला मावशीकडे राहिले आणि काम शोधायला लागले. वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. काम लागलं तर लातूर, नाही तर भूकंपानंतर वसवलेल्या आमच्या नव्या वसाहतीत परत. तिथे एक स्थळ आधीच येऊन बसलेलं होतं. मला परत जायचं नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही, पण झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

सरांकडे ऑपरेटरची जागा निघाली. टायपिंग बघून सर खूश झाले. मग त्यांनी पंचा पसरला.

मी पहिला धरला. अंगठा हवेत. दुसरा धरला. काणा धरला. ढवळ्या धरला. प्रत्येक माउस सपाट टेबलावर सपाट बसायचा आणि माझा हात काही सपाट होईना. दोनदा फिरवला की कोपरापर्यंत कळ यायची.

"कसा हाय?" सरांनी विचारलं.

"बरा हाय, सर."

"आन् हा?"

"हा बी बरा हाय."

सर माझ्या खांद्याकडे बघत होते. "तुझ्या ह्या हाताला माउस न्हाई, माय," ते म्हणाले. "हैदराबादेत बी न्हाई."

मी हात बाहेर काढला, ओढणी नीट केली आणि उठले. रडायचं ते रस्त्यावर गेल्यावर, एवढं ठरलं होतं.

"कुठं निघालीस? बस. दुसरा हात दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी म्हणाले, "सर, डावा?" आमच्याकडे डाव्या हाताने कोणाला पाणी दिलं तर आजी पेला ओतून द्यायची. उजवा हात मोडला तरी मी जेवण उजव्यानेच शिकले होते परत. "अभ्यासाचं काम हाय सर. डाव्या हातानं कसं करू?"

"टायपिंग करताना डावा हात काय मांडीवर ठिवला होतास का?" सर म्हणाले. "निम्मी अक्षरं त्यानंच मारलीस की. तवा सरस्वती उठून गेली का?"

मी पंच्याखाली डावा हात घातला. सरांचा स्वतःचा माउस, दोन्हीकडून सारखा, मध्यम पाठीचा, खरबरीत, माझ्या हाताखाली आला आणि तिथेच थांबला. खांदा खाली उतरलेला मलाच जाणवला. सर पंचा झटकत म्हणाले, "हा तुझा. मी काण्यावर भागवतो."

बटणं मात्र त्यांनी उलटी करू दिली नाहीत. ते कॉम्प्युटरमध्ये करता येतं, हे आमच्या ऑफिसातला दुसरा ऑपरेटर सांगत होता. तो रोज मुरुडहून यायचा, त्याला आम्ही दादा म्हणायचो. पण सर म्हणाले, मशीन सगळ्यांचं असतं, सवय आपली असते. मी मधल्या बोटाने टक् करायला शिकले. पहिले दिवस बाण पडद्यावर दारू प्यायल्यासारखा चालला. मग सरळ चालायला लागला. मग मी दादापेक्षा लवकर पेपर काढायला लागले, आणि दादाने ते मोकळ्या मनाने कबूल केलं.

दिवाळी जवळ आली होती. वडिलांना निरोप द्यायचा होता की काम पक्कं झालं. नेमके त्याच आठवड्यात, सोमवारी, डायरेक्टरसाहेब अचानक ऑफिसात आले. रविवारची परीक्षा मोठी होती, तिचा पेपर माझ्याकडे होता. साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. माउसवरच्या माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग सरांना दारापाशी घेऊन गेले. हळू बोलल्याचं त्यांना वाटत असावं, पण ज्यांनी वर्गात शंभर पोरांना शिकवलंय त्यांचं हळू म्हणजे आपलं मोठ्यानेच.

"सर, ही डाव्या हातानं पेपर करायलीय?"

"हाव."

"माझ्या पेपरचा पहिला गठ्ठा मी गणपतीपुढं ठेवतो, तुम्हाला माहीत हाय. हळदीकुंकू वाहतो. पोरांच्या आयुष्याचा सवाल असतो. ते डाव्या हातानं झालेलं मला चालणार नाही. तिला दुसरं काय बी काम द्या. न्हाई तर मला माझं काम दुसरीकडं न्यावं लागंल. गुरुवारी येतो."

सर "बघू" म्हणाले. साहेब गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पेपर पुढे चालू ठेवला, पण प्रश्न क्रमांक चुकायला लागले. मी सरांच्या जागी असते तर काय केलं असतं? तीन कॉम्प्युटर, दादाचा पगार, घरचं भाडं, सगळं त्या एका क्लासवर. मनात मी गावी जायची पिशवी भरायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तर दादा डोकं धरून बसलेला. तिन्ही टेबलांवरचे माउस डावीकडे. वायरी मागून फिरवून, सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून पक्क्या केलेल्या. सर काण्यावर डावा हात ठेवून पडद्याकडे डोळे फाडून बघत होते, आणि दर वेळी भलतंच बटण दाबल्यामुळे त्यांच्यासमोर नको त्या याद्या उघडत होत्या.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हंजे? काम."

"ह्यांनी उद्या ताटावर डाव्या हातानं बसू नये म्हंजे मिळवलं," काकू आतून म्हणाल्या. पण चहा आणला तेव्हा त्यांनी सरांचा कप न सांगता, मोकळ्या झालेल्या उजव्या बाजूला ठेवला.

दादाने एक दिवस शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी हसायला लागला. पेपरचा दुसरा भाग सरांनी स्वतःकडे घेतला होता, पण त्यांना मात्र जमेना. साठीला टेकलेला माणूस, ज्याची टायपिंगची बोटं न बघता धावायची, तो एक ओळ निवडायला घाम पुसायचा. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणाले, "सर, माझ्यासाठी हे नका करू. मी जाते गावी." सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तुझ्यासाठी कोण करतंय? मी माझा तजुर्बा वाढवतोय," ते म्हणाले.

गुरुवारी डायरेक्टरसाहेब आले. आत पाऊल टाकलं आणि थांबले. दादाचा डावा हात, माझा डावा हात, सरांचा डावा हात.

"सर, तुम्ही बी?"

"साहेब, आमच्या हिथं समदं कामच डाव्या हातानं होतं," सर म्हणाले. आवाजात जराही कंप नव्हता. "चालत नसंल तर पेपर दुसरीकडं करून घ्या. जुनं काम देतो बांधून. राग न्हाई."

साहेबांनी सरांकडे पाहिलं, मग दादाकडे. मग त्यांनी माझ्या टेबलावरची, पहिल्या भागाची छापून ठेवलेली पानं उचलली. उभ्याउभ्या वाचायला लागले. भौतिकशास्त्राचे मास्तर ते. पानावरचं एकेक समीकरण त्यांनी बोट ठेवून तपासलं. पंखा फिरत होता, काकू दाराशी येऊन उभ्या होत्या. शेवटचं पान उलटून त्यांनी पुन्हा पहिलं वर घेतलं. चूक सापडत नव्हती, आणि मनापासून शोधणं त्यांनी सोडलंही नव्हतं.

"शनिवारी सकाळी गठ्ठा मिळंल का?" त्यांनी सरांना विचारलं.

सर पडद्याकडेच बघत होते. "मला काय इच्यारता? पेपर त्यांचा हाय. त्यांना इच्यारा."

साहेब माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. "मिळंल का, मॅडम?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मॅडम म्हटलं होतं. "मिळंल," मी म्हणाले. आवाज माझाच होता, आणि चांगला खणखणीत होता.

साहेब मान हलवून निघून गेले. त्यांची गाडी गल्लीबाहेर पडल्याचा आवाज आला तेव्हा दादाने टेबलावर थाप मारली. सर मात्र हलले नाहीत. मग हळूच, काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "माय, इकडं ये जरा. साहेब उभे होते तवा मी कायतरी दाबलं. पेपरचा दुसरा भाग समदाच गेला वाटतं."

मी उठून गेले. पडदा पांढरा फटक होता. सर खुर्चीतून उठले आणि पंच्याने कपाळ पुसत बाजूला उभे राहिले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. माउस डावीकडेच होता.